मोहाखालची कॉफी

धुरपतानं आपल्या भासऱ्याला बैलगाडीच्या उभारीनं, म्हणजे बाजूच्या खुंट्यानं, झोडपलं तेव्हा मी तिथेच होते. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, बकाराम. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा पाठीत, तिसरा त्यानं हातावर झेलला आणि मनगट टरारून सुजलं. एवढं झालं, पण डोक्यावरचा पदर तिनं ढळू दिला नाही आणि त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, तो वाटेत दिसला तर तोंड फिरवून उभं राहायचं. त्याला मारायचं नाही असं मात्र कोणी स्पष्ट सांगून ठेवलेलं नाही. तेव्हा धुरपतानं मर्यादा पाळली असंच म्हणायचं.

मी चंदा. कोसमटोल्याच्या अंगणवाडीत सेविका आहे आणि धुरपताच्या घराला लागून माझं घर. माझं तोंड फटकळ आहे हे सगळा टोला, म्हणजे आमची वस्ती, जाणतो, त्यामुळे तिच्याबद्दल गोडगोड लिहिणं मला जमणार नाही. तिच्या नाकावर राग आणि हातात सदा काहीतरी असायचं. विळा, काठी, नाही तर गोटा. तिच्या कॉफीच्या झुडपांत शिरलेल्या बकरीचा पाय तिनं मोडला, त्यावरून अर्धा टोला तिच्या दारात आला. एकदा गोफणीचा दगड वानराला लागला, ते फांदीवरून पडलं आणि तिथेच मेलं. लोकांनी तिला मारुतीसमोर नारळ फोडायला लावला. तिनं तो इतक्या जोरात आपटला की खोबरं पुजाऱ्याच्या कपाळावर उडालं.

हा सगळा राग कॉफीपायी होता. गोंदिया जिल्ह्यात कॉफी म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. आमचा टोला सालेकसा तालुक्यात, दरेकसा घाटाच्या बाजूला, टेकड्यांना चिकटून आहे. लग्नानंतर धुरपता आणि तिचा नवरा भोजराज ठेकेदारामार्फत कूर्गच्या कॉफीच्या बागांमध्ये मजुरीला गेले. बरीच वर्षं राहिले. तिकडे भोजराज पाठ दुखते म्हणून कुरकुरत राहिला आणि ही बघत राहिली. परत आली ती पिकल्या फळांच्या बिया राख चोळून, सावलीत सुकवून, जुन्या पोलक्यात बांधूनच.

"अठी नाही येत वो कॉफी," मी तिला म्हटलं होतं. "तिले उंच पहाड लागते."

"उंच पहाडाची येगळी जात आहे," ती म्हणाली. "थे नाजूक. ही खालच्या डोंगराची आहे. हिले उंची नोको, हिले ओल पायजे आन् डोक्यावर सावली पायजे. सावली गेली का ही मेली."

आणि तिच्या टेकडीवर दोन्ही होतं. उतार उत्तरेकडे तोंड केलेला, म्हणून दुपारचं ऊन तिरपं यायचं. वर कातळातून एक झिरा पाझरायचा, तो मे महिन्यातही बोटाएवढा का होईना चालू असायचा. आणि मोहाची सात झाडं होती, आजोबांच्या आजोबांच्या वेळची. मोहाची चाल कॉफीला अगदी बरोबर पडते, हे मला तिनंच दाखवलं. फेब्रुवारीत मोहाचा पाला गळतो आणि कॉफीच्या बुडाशी गोधडीसारखा पसरतो. तेव्हा ऊन मऊ असतं, उघडं राहिलं तरी चालतं. मग मे महिन्यात आभाळ पेटतं, तोवर मोह नव्या पानांनी गच्च झालेला असतो. त्या पाल्यानं आणि त्या सावलीनंच तिची रोपं कमरेएवढी झाली. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन बसायची. खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, भाजून निघायच्या आणि वर माती हाताला गार लागायची.

आता भांडणाचं मूळ सांगते. धुरपताच्या सासऱ्यानं वाटणी केली तेव्हा खालच्या चांगल्या बांध्या बकारामला दिल्या आणि टेकडीचा उतार भोजराजला. भोजराज जन्माचा भित्रा. त्याच्या ताटात काहीही वाढलं तरी तो मान डोलावणार. पण आमच्याकडे मोहाचं झाड जमिनीबरोबर जात नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरचा मोह दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. सातातले चार मोह बकारामच्या वाट्याला गेले, तीन भोजराजच्या. त्या चार झाडांखाली पडेल ते प्रत्येक फूल बकारामचं. दुसऱ्यानं उचललं तर चोरी. घरातलं भांडं नेलं तर लोक एकवेळ विसरतील, मोहाचं फूल नेलेलं विसरत नाहीत.

आणि फुलं वेचायची म्हणजे जमीन साफ हवी. मार्चमध्ये मोह टपकायला लागला की लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. काळ्या राखेवर पिवळी फुलं लगेच नजरेत भरतात. माझ्या आईनं तेच केलं, मीही लहानपणी तेच केलं. त्यात वाईट काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

पहिल्या वर्षी बकारामनं असाच पाला पेटवला आणि धुरपताची हातभर उंचीची रोपं जळून काळ्या काड्या झाल्या. ती रात्रभर जेवली नाही. सकाळी भोजराजला उभं करून म्हणाली, "जाऊन सांगा त्याइले. पाला जाळू नोका, सावली आन् पाला हाच कॉफीचा जीव आहे." भोजराज गेला. भावाच्या ओट्यावर बसला, चहा प्याला, पाऊसपाण्याचं बोलला आणि उठताना म्हणाला, "दादा, आग जरा जपून लावत जाजो, वारा लय असते." एवढाच निरोप पोचला. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "सांगून आलो."

धुरपता स्वतः जाऊन बोलली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण बोलायचंच नव्हतं. आणि बकाराम पडला धानाचा शेतकरी. सावलीत धान येत नाही, बांधावरच्या झाडाची सावली पडली तर तेवढा पट्टा पोचट राहतो, हे त्याला आयुष्यभर दिसलेलं. मोहाखाली पीक लावणारी भावजय त्याला वेडी वाटायची. उघड म्हणायचा, "माह्या मोहाच्या बुडाशी झुडपं लावून जागा बळकावून राह्यली."

पुढची काही वर्षं धुरपतानं तोड काढली. मार्च लागायच्या आधी ती आणि भोजराज त्या चारही मोहांखालचा पाला हातानं ओढून कॉफीच्या बुडाशी सारायची. जमीन आयती साफ मिळाली की बकाराम आग लावत नसे. पण झुडपं वाढली, पसरली, फांद्यांना फांद्या भिडल्या. मोहाची फुलं जमिनीवर पडण्याऐवजी कॉफीच्या पानांत अडकायला लागली. बकारामची बायको अनुसयाबाई वेचायला जायची आणि हात ओरबाडून, अर्धी टोपली घेऊन परत यायची. तिचंही खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी कॉफीला पहिल्यांदा खरा बहर आला. फेब्रुवारीत झिऱ्याचं पाणी नळीनं फिरवून धुरपतानं सगळ्या झुडपांना आंघोळ घातली आणि आठवड्याभरात सगळी टेकडी पांढरी झाली. जाईसारखा वास खालच्या वस्तीपर्यंत येत होता. धुरपतानं मला हाताला धरून वर नेलं. तिथे उभी राहून ती रडली, आणि मी बघितलं म्हणून मलाच शिव्या दिल्या. फुलं गळून मिरीएवढी हिरवी फळं धरली. आता मे पार पडला, पावसाळा निघाला, की माघापर्यंत पहिलं पीक हाती येणार होतं. एवढ्या वर्षांची तिची सगळी मेहनत त्या मिरीएवढ्या फळांवर लटकली होती.

तेवढ्यात मोह टपकायला लागला. आग लागू नये म्हणून धुरपतानं डोकं चालवलं. घरातल्या सगळ्या जुन्या साड्या काढल्या, माझ्याही नेल्या, आणि बकारामच्या चार मोहांखाली झुडपांच्या वर झोळीसारख्या बांधल्या. पहाटे फुलं अलगद साड्यांत पडली. तिनं ती टोपलीत भरली आणि बकारामच्या घरी कोणी उठायच्या आत त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. तोंडानं सांगता येत नाही, तर हे बघून त्याला कळेल, असं तिला वाटलं. मला येऊन सांगताना ती खुशीत होती. म्हणाली, "आता त्याले काही करायाचं कामच नाही. आयतं घरी पोचन."

आमच्या मुलखात याहून मोठी चूक करता येत नाही. दुसऱ्याच्या झाडाचं फूल तिनं हातानं उचललं होतं, आणि वर त्याच्याच दारात पुरावा ठेवून आली होती. अनुसयाबाईनं टोपली बघितली आणि छाती पिटून ओरडायला लागली, "एक टोपली आनून ठेवली, दहा घरात घातल्या असन! चोरटी! दिवसाढवळ्या चोरटी!"

बकाराम तडक टेकडीवर गेला. मागून सगळा टोला. मी पोचले तोवर त्यानं माझी निळी साडी उभी फाडली होती. भोजराज हात जोडून पुढे झाला.

"दादा, तसं नाही गा. थे तं तुह्यासाठीच..."

बकारामनं त्याच्या कानाखाली अशी ओढली की तो झुडपावर कोसळला. मग हातातली काठी त्याच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा. भोजराजनं हात वर करायचं धाडस केलं नाही, फक्त डोकं झाकलं. तिसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा धुरपता खालून आली. वाटेत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी बैलगाडीची उभारी तिनं उपसून आणली होती. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

मार खाऊन बकाराम मागे सरला आणि माझ्याकडे वळला. "चंदा, सांग तिले. हे मोह माह्या बापानं मले देल्ले. माह्या झाडाखाली मी काही बी करीन. जाळीन नाही तं नाचीन."

धुरपतानंही माझ्याकडेच बघितलं. "चंदा, सांग त्याइले. कॉफीले आग लावली तं हात तोडून हातात देईन."

दोघं एकमेकांपासून चार पावलांवर, दोघांनाही सगळं लख्ख ऐकू येत होतं, आणि मी मध्ये टपालासारखी उभी. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण बकारामचं मनगट बघता बघता सुजत होतं आणि त्याची नजर चांगली नव्हती. लोकांनी ओढून दोघांना वेगळं केलं. एवढ्या आरडाओरड्यात धमक्या भरपूर झाल्या, पण पाला का जाळायचा नाही आणि सावली कशाला हवी, हे कोणीच बोललं नाही. भोजराजला ठाऊक, मला ठाऊक. बकारामलाच ठाऊक नाही, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटल्यावर, बकारामनं सर्वांत वरच्या मोहाखाली काडी लावली.

अंगणवाडीच्या दारातून मला धूर दिसला. मी पोरांना मदतनीस बाईच्या हवाली करून पळाले. धुरपता माझ्या आधी पोचली होती, हातात कुऱ्हाड. वाळलं गवत फटाफट पेटत खाली येत होतं. पहिल्या दोन ओळींना आगीनं गाठलं तेव्हा कॉफीची पानं पापडासारखी तडतडली आणि हिरवी फळं फुटून शिसशिस आवाज करायला लागली. धुरपता हिरव्या फांद्या तोडून आमच्याकडे फेकत होती आणि आम्ही आग झोडपत होतो. भोजराजच्या भुवया जळाल्या. माझ्या तळव्याला फोड आले. धुरामागे, वरच्या कातळाजवळ, बकाराम सुजलेला हात पोटाशी धरून उभा होता आणि बघत होता. त्याला त्या घडीला मी दगड घातला असता.

पण आग तिसऱ्या ओळीपाशी अडखळली. तिथून खाली पाल्याचा जाड थर झिऱ्याच्या ओलीनं भिजून कुजलेला होता. ज्वाळा बसल्या, नुसता धूर उरला. धुरपतानं जमिनीला हात लावून बघितला आणि पहिल्यांदा श्वास सोडला. म्हणाली, "वाचली." तेवढ्यात वरून किंकाळी आली.

मोहाच्या दिवसांत अस्वलं फुलं खायला उतरतात, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. कातळाच्या कपारीत एक मादी होती, पाठीवर पिल्लू घेतलेली. धूर कपारीत शिरला आणि ती बाहेर पडली ती सरळ बकारामच्या अंगावर. अस्वल माणसाचं तोंड धरतं. मी ऐकलं होतं, त्या दिवशी बघितलं. त्याला खाली पाडून ती त्याच्या छातीवर बसली होती आणि पंज्यानं त्याचा चेहरा खरवडत होती, जशी आपण भांड्याच्या बुडाची खरवड काढतो. आवाज तसाच येत होता.

सगळे खाली पळाले. खोटं कशाला सांगू, मीही पळाले. धुरपता वर पळाली. वाटेत आग होती तिथून, चपला टाकून. अस्वलाला तिनं घाणेरड्यात घाणेरड्या शिव्या दिल्या, ज्या तिनं आयुष्यभर भासऱ्यासाठी साठवल्या असतील. पहिला घाव केसांच्या झुपक्यात फसला. अस्वल वळलं आणि त्यानं तिची मांडी फाडली. दुसरा घाव खांद्यात रुतला. कुऱ्हाड उपसून तिनं तिसरा घाव नाकाडावर घातला तेव्हा ते उभं राहिलं, विचित्र ओरडलं आणि पिल्लाला घेऊन कातळामागे नाहीसं झालं. कातळावर रक्ताचा पट्टा कितीतरी दिवस दिसत होता. ते तिचं की अस्वलाचं की बकारामचं, सांगता यायचं नाही.

आम्ही परत वर गेलो. बकारामच्या कपाळाचं कातडं सोलून डोळ्यावर लोंबत होतं. एक डोळा जागेवर नव्हता. धुरपता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, स्वतःच्या फाटलेल्या मांडीवर, आणि डोक्यावरचा पदर काढून त्याचा चेहरा आवळून बांधत होती. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं डोकं त्याच्यासमोर उघडं पडलं होतं, आणि त्याला दिसत नव्हतं. तेव्हाही ती त्याच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "सांग त्याइले, झोपू नोका मनावं."

त्याला आधी गोंदियाला नेलं, मग नागपूरला. धुरपताच्या मांडीला टाके पडले, ती चार दिवसांत लंगडत टेकडीवर हजर. दोन ओळी गेल्या होत्या, बाकी सगळी कॉफी जशीच्या तशी उभी होती. मोहाला नवी तांबूस पानं फुटत होती. भोजराज महिनाभर भावाजवळ दवाखान्यात राहिला. परत आल्यावर त्यानं ओट्यावर बसून आम्हाला अभिमानानं सांगितलं, "दादा रडला. म्हने, तिनं मले वाचवलं, तिले काय पायजे थे सांग. मी म्हनलं, दादा, तिले काहीच नोको. तिची झाडं तेवढी नीट वाढली म्हंजे झालं."

"अजून काय म्हनलं?" धुरपतानं विचारलं.

"अजून काय म्हनाचं?" भोजराज म्हणाला. "एवढं सोन्यासारखं बोललो नं."

महिनाभर दोघं सख्खे भाऊ एका खोलीत होते. तेवढ्या दिवसांत सावली हा एक शब्द भोजराजच्या तोंडून निघाला नाही. मी त्याला तिथेच दोन शब्द सुनावले, पण धुरपताच हसली. त्या दिवसांत ती वरचेवर हसायची. फळं हरभऱ्याएवढी झाली होती.

मे महिन्यात तिच्या भावाच्या मुलीचं लग्न सौंदडला होतं. धुरपता, भोजराज आणि मी, तिघं गेलो. दोन दिवस राहिलो, मांडवात नाचलो, पाहुण्यांशी भांडलो आणि भर उन्हाचे परत निघालो. टोल्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा मला आधी कळेना की काय बदललंय. टेकडीच्या वर आभाळ जास्त दिसत होतं.

 धुरपताच्या हातातली लग्नाच्या बुंदीची पिशवी रस्त्यात पडली आणि ती दुखऱ्या पायानं पळत सुटली.

बकारामचे चारही मोह आडवे झाले होते. त्याच्या मुलानं, स्वप्निलनं, आमगावाकडून मशीनची करवत भाड्यानं आणली होती आणि दोन दिवसांत काम उरकलं होतं. सगळीकडे ओला भुसा उडालेला. काही झुडपं खोडांखाली चिरडली होती, बाकीची नागडी उभी होती, वर एकही पान नाही. मे महिन्याचं ऊन थेट त्यांच्यावर ओतत होतं. पानांच्या कडा दुपारपर्यंतच वळल्या होत्या, जणू कोणी तव्यावर टाकल्या असाव्यात.

आणि मधल्या बुंध्यावर बकाराम बसला होता. डोळ्यावर काळा चष्मा, गालावरून हनुवटीपर्यंत टाके. उरलेल्या डोळ्यानं त्याला उजेड-अंधार एवढंच कळत होतं. शेजारी अनुसयाबाई पाण्याचा गुंड, म्हणजे छोटा हंडा, घेऊन उभी. चारही बुंध्यांना हळदकुंकू लावलेलं, नारळाची कवटी पडलेली. मोह आमच्याकडे देवासारखा. ज्या झाडांसाठी त्यानं भावाला फोडून काढलं होतं, ती त्यानं पाया पडून, पूजा करून तोडवली होती. घरातली सगळी माणसं कडक कपडे घालून आमची वाट बघत होती.

"आली काय धुरपता?" पायांचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली.  "चंदा, तू आहेस नं? सांग तिले. भांडनाचं मूळच काढून टाकलं. बापाचे मोह होते, तिच्यापायी पाडले. आता आग नाही, चोरी नाही, काहीच नाही. आता तिच्या झाडाइले ऊन भेटन, आपल्या धानाले भेटते तसं."

 स्वप्निल करवत पुसत आमच्याकडे बघून हसत होता.

त्या झुडपांचं काय झालं ते सांगून टाकते. मे संपायच्या आत चार मोहांखालची सगळी कॉफी उभ्याउभ्या वाळली. हरभऱ्याएवढी फळं काळी पडून गळाली. मांडव घालून बघितला, पाणी घालून बघितलं, काही उपयोग झाला नाही. आगीतून वाचली, अस्वलातून वाचली, आणि भासऱ्याच्या मायेनं मेली. भोजराजच्या तीन मोहांखाली तेवढी थोडी अजून तग धरून आहेत, आणि धुरपता अजून रोज वर जाते.

पण त्या दुपारी हे व्हायचं होतं. त्या दुपारी माझं डोकं फिरलं होतं. मला वाटलं, आता हिनं कुऱ्हाड उचलावी आणि या आंधळ्याला इथेच उभा चिरावा. ती उचलणार नसेल तर निदान मी बोलावं. मी तोंड उघडलं. "अरे मूर्खा," एवढंच म्हणाले असेन, की धुरपतानं माझं मनगट धरलं. असं आवळलं की सौंदडच्या लग्नात भरलेल्या माझ्या नव्या बांगड्या कचाकच फुटल्या आणि काच कातड्यात घुसली.  तिच्या तोंडाकडे बघून ओरडायची हिंमत झाली नाही.

मग तिनं पदर डोक्यावर घेतला, माझं मनगट न सोडता दोन पावलं पुढे गेली आणि बकारामच्या समोर उभी राहिली. त्याला काय म्हणून हाक मारायची हेही तिला ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. 

"भेटते, भाऊजी," ती म्हणाली. "लय ऊन भेटते."

बकाराम दचकला. तो आवाज त्यानं वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता, पण कधी आपल्यासाठी ऐकला नव्हता. टाक्यांमुळे त्याला अर्ध्याच तोंडानं हसता आलं. ती जिथे नव्हती त्या बाजूला त्यानं हात जोडले. भुशात माझं रक्त टपकत होतं आणि धुरपता अजून माझं मनगट धरून होती. ते तिनं घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.